गळती नाही

रात्री दोनला पाचकंदील झोपतं. मग आमची ड्यूटी.
शेनफडू मिस्तरी, मी, एक टॉर्च
आणि लोखंडाचा गज:
एक टोक जमिनीला, दुसरं त्यांच्या कानाला.

माझ्याकडे नकाशा होता, निळा, नवा,
पाणीपुरवठ्याचा शिक्का मारलेला.
धुळं त्यात पट्टीनं ओढल्यासारखं,
गल्लीला गल्ली समांतर, काटकोनात चौक.
फक्त सहा नंबरच्या मागची एक गल्ली
मधेच कंबरेत वाकते.
साहेब सांगायचे, आखणारा त्या दिवशी प्यायला होता.
साहेबांना त्यांच्या साहेबांनी सांगितलं होतं.

तिथंच मिस्तरी थांबले.
गज टेकवला, डोळे मिटले.
मी म्हटलं, लीकेज?
त्यांनी हात वर केला,
पोर नुकतं झोपलंय अशा घरात करतात तसा.

"नळनं पानी बोंबलस, ताई.
हाई चालस."

मग मी कान लावला.
लोखंड गार होतं. आणि त्याच्या आत, खूप खाली,
कुणीतरी चपला हातात घेऊन
घरातून निघून जात होतं.

ओस्तवालांच्या पायरीवर बसून त्यांनी तंबाखू मळली.
म्हणाले, इथं पाट होता.
पांझरेच्या बंधाऱ्यापासून निघालेला.
ही सगळी पेठ म्हणजे तेव्हा ऊस आणि भात,
फडाफडाला पाळी, आणि पाळी राखायला पाटकरी,
त्यांच्या आजाचा आजा, उखा नावाचा.
पगार नाही. फडामागे चार पेंढ्या.
नदी आटली की सगळ्यांचं पाणी अर्धं.
"पाटीलले बी अर्धंच," असं म्हणताना
मिस्तरी जरा ताठ बसले,
जणू ते पाणी काल रात्री त्यांनीच मोजून दिलं होतं.

मग गाव आलं, पट्टी घेऊन आलं.
पाटावर फरशा, फरशांवर दुकानं,
दुकानांवर कोचिंग क्लास.
पाणी तेवढं खाली राहून गेलं.
त्याला कुणी कळवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडी बघायच्या निमित्तानं गेले.
आत दोन पायऱ्या उगाच चढतात, उगाच उतरतात.
गोदामात, पॉलिएस्टरच्या गठ्ठ्यांमागे,
शेंदूर फासलेला एक दगड. समोर उदबत्तीची राख.
कोणता देव, शेठ?
शेठ म्हणाले, वडील लावायचे.
दगडाला मधोमध उभी खाच आहे,
बोटभर रुंद.
फळी अडकवायची, पाणी अडवायचं.
मी हात जोडले. दुसरं काय करणार?
नंतर एक साडी घ्यावीच लागली.

रजिस्टरला तीन रकाने असतात: ठिकाण, कारण, शेरा.
पेन उघडलं तेव्हा मिस्तरी दारात उभे होते.
"लिखशी ते सिमेंट भरतीन."
एवढंच बोलले, आणि सायकलचं कुलूप काढू लागले.

मी लिहिलं: सहा नंबरमागे.
कारण कोरं.
शेरा: गळती नाही.
नोकरीतलं माझं पहिलं खोटं.
की खरंच ते? काही सांडत नव्हतंच ना,
चाललं होतं.

आता हेडफोनचं मशीन आलंय.
मिस्तरी रिटायर झाले, फागण्याला मुलीकडे असतात,
त्यांना स्वतःलाच आता कमी ऐकू येतं.
गज माझ्या कपाटामागे आहे.
कानाकडचं टोक इतकं गुळगुळीत
की अंधारातही कळतं कुठलं कुठं लावायचं.
गल्ली काँक्रीटची झाली. मी एकदा रात्री जाऊन ऐकलं.
कुणाच्या तरी कूलरची घरघर.
बाकी काही नाही, की मलाच येत नाही, माहीत नाही.

पण मे महिन्यात,
पारा पंचेचाळीसच्या पुढे, दुकानांची शटरं खाली,
सावली दोन्ही बाजूंना मिळत असताना
मोहल्ल्यातली कुत्री
भर रस्त्यात, एकामागे एक, पोटं टेकून झोपतात.
ओस्तवालांच्या पायरीपासून रांग निघते,
सरळ जाते, 
आणि गल्ली वाकते तिथं
वाकते.